ऑर्ग मोडमध्ये पुढचे कार्यक्रम आणि रिमाइंडर कसे सांभाळायचे? सगळं ऐनवेळीच दिसतंय

तुम्ही लिहिलंय की ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरातल्या नोंदी-कामांच्या सोयीत, प्रत्येक कार्यक्रमाला शेड्यूल्ड (तारखेआधी लिहायची खूण) लावता, अजेंडा (त्या त्या दिवसाची यादी) रोज उघडता, तरी सगळं त्याच दिवशी समोर येतंय आणि फोनही वाजत नाही. पहिलं म्हणजे शेड्यूल्ड काढा. ते कार्यक्रमासाठी नाहीच, या दिवशी कामाला हात घालायचा एवढ्यासाठी आहे, म्हणून तर डन, म्हणजे काम झालं, अशी खूण केली नाही की ते रोज पुढं सरकत मानगुटीवर बसतंय. लग्न, मीटिंग असल्या गोष्टींना नुसती कोनी कंसातली तारीख द्या, त्या दिवशी दिसते आणि जाते. आणि ज्याची तयारी लागते त्याला डेडलाइन. ती १४ दिवस आधीपासून अजेंड्यात दिसायला लागते, कमीजास्त पाहिजे तर तारखेच्या कंसातच वजा घालून दिवस लिहायचे.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण आमचा बेळगावजवळ खानापुरात मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे, मी आणि दाजी मिळून बघतो, आणि दाजींचं पहिल्यापासून एकच म्हणणं, फोनच्या कॅलेंडरात टाकलं की झालं, ही टेक्स्ट फाइल कशाला. आता आमच्याकडं सगळ्यात ओढाताणीचे दिवस म्हणजे अक्षय तृतीयेचे. बेळगावची शिवजयंती तिथीनं, वैशाख शुद्ध द्वितीयेला, लगेच दुसऱ्या दिवशी तृतीया, पाठोपाठ चित्ररथ मिरवणुकीची गडबड, म्हणजे मंडळांनाही जनरेटर पाहिजे, लाइटिंग पाहिजे आणि खेड्यातली लग्नंही नेमकी त्याच मुहूर्तावर. २०२४ ला तृतीया १० मेला होती, दाजींनी ती फोनमध्ये 'दरवर्षी' करून टाकली. २०२५ ला ती आली ३० एप्रिलला. म्हणजे त्यांचा फोन वाजणार लग्नं उरकून मांडव उतरवल्यावर! माझ्या फाइलमध्ये ३० एप्रिल, वजा २१ दिवस, त्यामुळं ९ एप्रिलपासूनच रोज सकाळी ती ओळ डोळ्यासमोर, आणि तिच्याखाली कापड धुवायला टाकणं, जनरेटरवाल्याला विसार देणं, टेम्पो सांगून ठेवणं, प्रत्येकाची डेडलाइन वेगळी. त्या आठवड्यात आयत्या वेळी जनरेटर मागितला तर बेळगावात कुणी देत नाही, आम्हाला मिळाला. दाजी म्हणाले, मला आठवलंच असतं. अहो पण कधी आठवलं असतं? आदल्या दिवशी आठवलेल्याचा मांडवाच्या धंद्यात काहीच उपयोग नाही, मला आठवण तयारीला लागायच्या दिवशी पाहिजे, फोनच्या कॅलेंडरवाल्यांना हे पटतच नाही.

म्हणून रिपीटचंही सांगतो. १ नोव्हेंबर ठरलेली तारीख, एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी, त्या दिवशी आम्ही शहरात टेम्पो घालत नाही, तिला अधिक एक वर्षाचा रिपीटर (दरवर्षी तीच तारीख परत आणणारी खूण) लावला की कायमचं काम झालं. तिथीच्या सणाला मात्र हा रिपीटर चुकूनही लावू नका. २०२३ ला अधिक श्रावण आला आणि तृतीया २२ एप्रिलवरून पुढच्या वर्षी थेट १० मेवर गेली, फाइलला यातलं काय कळणार. मी १ जानेवारीला दरवर्षीचं एक काम ठेवलंय, पंचांग घेऊन बसायचं आणि त्या वर्षातल्या तिथींच्या तारखा हातानं टाकायच्या. एका बैठकीत होतंय, घरातली जत्रा, श्राद्धं सगळं त्यातच.

फोन वाजायचं म्हणाल तर ऑर्ग स्वतःहून वाजत नाही. कॉम्प्युटरवर ईमॅक्स चालू असेल तर अजेंडा ॲप्टला, म्हणजे ईमॅक्समधल्याच आठवण देणाऱ्या सोयीला, जोडता येतो, तो आपणहून १२ मिनिटं आधी सांगतो, तेही तारखेला वेळ लिहिली असेल तरच. ॲन्ड्रॉइडवर ऑर्गझली रिव्हाइव्ड हे ऑर्गच्या फाइली उघडणारं ॲप टाका, सेटिंगमध्ये रिमाइंडर चालू करा, फाइल सिंकथिंगनं (कॉम्प्युटर आणि फोनवरची फाइल सारखी ठेवणारा प्रोग्रॅम) न्या.

आणि हो, तुमचे कार्यक्रम म्हणजे वाढदिवस आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट एवढंच असेल तर फोनचं कॅलेंडर पुरतंय, त्यासाठी ईमॅक्स शिकत बसू नका. पण ज्याला आधी माणसं सांगावी लागतात, पैसे द्यावे लागतात, त्याला डेडलाइनच लावा, आणि घरात कुणी दाजींसारखं म्हणत असेल तर त्यांचा फोन येत्या वर्षीची अक्षय तृतीया कधी दाखवतो तेवढं एकदा बघायला सांगा.