कागदी रणगाडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे रेनॉ एफटी या पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच रणगाड्याच्या कागदी मॉडेलचं 1:25 प्रमाणातलं पीडीएफ आहे. मला 1:72 मध्ये बनवायचं आहे. प्रिंट काढताना टक्केवारी कमी केली की झालं, की आणखी काही करावं लागतं?

टक्केवारी 34.7. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा, नाहीतर तुमच्या नकळत आणखी दोन-तीन टक्के जातात. पहिलं पान निघालं की पट्टी लावून बघा. एफटीची रुंदी 1.74 मीटर होती, म्हणजे 1:72 मध्ये 24 मिलिमीटर यायला हवेत. खंदक ओलांडायला मागे लावलेल्या शेपटीसह लांबी सुमारे 5 मीटर, ती 69 मिलिमीटर भरेल.

खरी अडचण पुढे आहे. चित्र लहान होतं, कागदाची जाडी होत नाही. मूळ आराखड्यात आतला सांगाडा 1 मिलिमीटर जाड पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगितलेला असतो आणि खाचाही त्या मापाच्या असतात. आता त्या 0.35 मिलिमीटरच्या झाल्या. तिथे पुठ्ठा घुसवायचा प्रयत्न केलात तर सांगाडा वाकडा बसेल आणि बाहेरचं कवच त्यावर चढणारच नाही. साधारण 300 जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ड त्या जाडीच्या जवळ जातं, ते वापरा. मी तर या आकारात सांगाडा बहुतेक गाळतोच. घडी घातलेली पेटी स्वतःच ताठ उभी राहते, मध्ये एक आडवा तुकडा आधाराला पुरतो.

कवचाचा कागद निवडताना मूळ रणगाड्याकडे बघा. एफटीचं चिलखत बाजूंना 16 मिलिमीटर होतं. त्याला 72 ने भागा, 0.22 येतं. 160 जीएसएमचा कागद जवळपास तेवढाच जाड असतो! म्हणून चालकाच्या समोरची दोन पाखांची दारं उघडी ठेवणार असाल, तर ती 160 जीएसएमची एकेरीच कापा. दुहेरी केलीत की किल्ल्याच्या दरवाजासारखी दिसतात. जिथे कड दिसतच नाही, म्हणजे बंद पेटी, गोलाई, बारीक घड्या, तिथे 80 ते 100 जीएसएम बरा. चिकटवायच्या पाकळ्या मात्र इतक्या बारीक होतात की चिमट्यातही धरवत नाहीत. त्या सरळ कापून टाका आणि सांध्याच्या आतून कागदाची एक पट्टी चिकटवा.

आणि ज्या भागाचा आकार आता एका मिलिमीटरहून कमी झाला आहे, तो वेगळा कापून लावायच्या भानगडीत पडू नका. छापलेला आहे तसाच राहू द्या. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी, त्यातच आले. हौस फारच असेल तर कापण्याआधी मागच्या बाजूने शाई संपलेल्या बॉलपेनने हलके टोचे द्या, पुढे उठाव येतो. पण शंभरेक टोचे एका रेषेत येणं कठीण, आणि एक जरी चुकला तरी नजर नेमकी तिथेच जाते.

प्रश्न : पहिलाच रणगाडा बनवायचा आहे. एफटी घेऊ की जर्मन पँझर-1? की त्याहून लहान पोलिश टीकेएस?

आकाराने लहान म्हणजे बनवायला सोपा, हा समज आधी काढून टाका. टीकेएस जेमतेम अडीच मीटर लांब. 1:72 मध्ये तो जेमतेम 35-36 मिलिमीटरचा होतो, आणि चाकांभोवतीच्या पट्ट्यांचं काम तर तेवढंच राहतं. तो 1:25 मध्ये करा, छान दिसतो. फिरता टरेट (तोफ किंवा मशीनगन बसवलेला वरचा घुमट) नसल्यामुळे मोठ्या प्रमाणात तो नवख्यालाही जमतो.

बाकी दोघांत माझं मत एफटीला. 31 मे 1918 रोजी तो पहिल्यांदा लढाईत उतरला. पुढे चालक, मध्ये सगळीकडे फिरणारा टरेट, मागे इंजिन ही त्याची मांडणी पुढच्या बहुतेक रणगाड्यांनी उचलली, त्यामुळे तो बनवताना रणगाड्याची रचनाच हाताखालून जाते. फक्त आराखडा घेताना टरेट कोणता आहे ते बघा. एफटीला गोल ओतीव टरेटही असायचा आणि सपाट पत्रे रिव्हेटने जोडलेला बहुकोनीही. तुम्ही बहुकोनी घ्या. घड्या घातल्या की तो आपोआप आकार धरतो. गोल टरेटच्या वरची फुगीर टोपी कागदाला मानवत नाही, पाकळ्या कापून जोडाव्या लागतात आणि प्रत्येक सांधा दिसत राहतो.

पँझर-1 दुसऱ्या खेपेला घ्या. त्याचा टरेट मध्यावर नसून उजवीकडे सरकलेला आहे, हे विसरून तो मधोमध चिकटवलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. पहिल्या, ‘ए’ आवृत्तीत मागचं मोठं चाक जमिनीला टेकतं, ‘बी’ आवृत्तीत ते वर उचललेलं आहे आणि खाली पाचवं चाक आहे. आराखडा एका आवृत्तीचा आणि समोर ठेवलेला फोटो दुसरीचा, असा घोटाळा इथे सहज होतो.

प्रश्न : पट्टे चाकांवर गुंडाळताना कागद चिरतो, नाहीतर कोनात मोडतो. काय चुकतंय?

बहुतेक तंतूंची दिशा. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला लागतात. कागद त्या दिशेला समांतर अक्षाभोवती मुकाट गोल होतो आणि आडवा वळवला की कुरकुरतो. कागदाचा चौकोनी तुकडा दोन्ही बाजूंनी अलगद वाकवून बघा, बोटांना फरक लगेच कळतो. पट्टा वळताना अक्ष पट्टीच्या रुंदीला समांतर असतो, म्हणून तंतूही रुंदीच्या दिशेने यायला हवेत. छापण्याआधी पान कसं फिरवायचं ते इथे ठरतं. शीट आधीच छापून झालं असेल, तर पट्टी विणकामाच्या सुईवरून दोन-तीनदा ओढून नरम करा आणि मगच गोंद लावा.

पट्टा एका दमात चिकटवू नका. मागच्या चाकापासून सुरू करा, जोड खाली जमिनीकडे येऊ द्या. एफटीचा वरचा पट्टा स्प्रिंगने ताणून धरलेला असायचा, तेव्हा उगाच झोळ दाखवू नका. चाकांच्या चकत्या पंच मशीनमधून निघणाऱ्या ठिकऱ्यांच्या मापात बसत असतील तर त्याच दोन-तीन एकमेकींवर चिकटवा. कात्रीने इतकं गोल कुणालाच कापता येत नाही.

प्रश्न : कडा पांढऱ्या दिसतात.

जोडण्याआधी रंगवा, नंतर नाही. रंगपेन्सिल किंवा घट्टसर जलरंग चालतो. स्केचपेन टाळा, शाई कागदात पसरून छपाईवर येते. घडीवरही रंगाची तीट लागते, विशेषतः लेझर प्रिंट असेल तर, कारण टोनर घडीवर तडकतो. इंकजेट असेल तर कापण्याआधी मॅट वार्निशचे दोन पातळ फवारे मारा, नाहीतर पांढऱ्या गोंदाच्या ओलाव्याने रंग उतरतो.

प्रश्न : एफटीवर खेळायच्या पत्त्यांची चिन्हं असतात, ती सजावट आहे का? मी कोणतंही लावलं तर चालेल?

सजावट नाही, हिशोब आहे. फ्रेंच तुकड्यांमध्ये इस्पिक म्हणजे पहिली पलटण, बदाम दुसरी, चौकट तिसरी, किलवर चौथी. भोवतीचा गोल, चौकोन किंवा त्रिकोण कंपनी सांगतो. एकटाच रणगाडा असेल तर कोणतंही लावा, कुणी जाब विचारणार नाही. मात्र फळीवर तीन-चार एकत्र उभे करणार असाल तर सगळ्यांवर एकच चिन्ह ठेवा, म्हणजे ती एक पलटण होईल. गेरू, हिरवा आणि तपकिरी पट्ट्यांचं रंगकाम मात्र प्रत्येकावर थोडं निराळं करा. मूळ रणगाड्यांवरही ते सारखं नव्हतं, आणि एकच शीट चारदा छापलेलं लांबूनही ओळखू येतं.