अंडी दिसतात, पण पिल्लं टिकत नाहीत: नागपूरच्या उन्हाळ्यात चेरी श्रिम्प

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी: दोन फुटी टाकीत गप्पी मासे आणि चेरी श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे झिंगे, एकत्र आहेत. माद्यांच्या पोटाखाली अंडी येतात, पण दोनदा ती मध्येच नाहीशी झाली. एकदा पिल्लं दिसली आणि आठवड्यात संपली. आता एप्रिल लागलाय, तर मादीला वेगळ्या डब्यात काढून अंडी उबवावीत का?

नका काढू. अंडी उबवायचं काम मादी आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं करते. पोटाखालच्या पायांनी ती अंडी सारखी हलवत असते, त्यामुळे त्यांना ऑक्सिजन मिळतो आणि बुरशी धरत नाही. डब्यातलं लिटर-दोन लिटर पाणी नागपुरात दुपारी बघता बघता तापतं आणि रात्री तितक्याच लवकर उतरतं. आपल्या हातात आहे ते एवढंच, की मोठ्या टाकीतलं पाणी महिनाभर फारसं बदलू द्यायचं नाही. इथल्या हवेत तेच सगळ्यात अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मादीच्या डोक्यामागे पाठीवर पिवळसर-हिरवा डाग दिसतो, ती अंडाशयात तयार होणारी अंडी. ती कात टाकते, पाण्यात तिचा वास सुटतो आणि नर सैरावैरा पोहू लागतात. त्यानंतर अंडी पोटाखाली येतात, साधारण 20 ते 30. पाणी 24-25 अंशांवर असेल तर तीन आठवड्यांच्या आसपास पिल्लं बाहेर पडतात, गारव्यात महिनाही लागतो. शेवटच्या दिवसांत प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. तुमची अंडी ठिपके दिसण्याआधी गेली असतील तर ती फुटली नाहीत, मादीने टाकली.

ती का टाकते? पहिलटकरणीची अंडी बरेचदा पडतात, त्याची काळजी करू नका. पण पुन्हा पुन्हा पडत असतील तर बहुतेक वेळा मादीने अवेळी कात टाकलेली असते, आणि कातीबरोबर अंडीही जातात. एकदम अर्धं पाणी बदललं की असं होतं. म्हणून आठवड्याला दहा टक्क्यांच्या वर पाणी बदलू नका, आणि नवं पाणी टाकीइतक्याच तापमानाचं करून हळूहळू सोडा.

आता उन्हाळा. बाहेर पारा 45 वर गेला की बंद खोलीतल्या टाकीचं पाणी 33-34 अंशांपर्यंत सहज चढतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना 7 सुद्धा मावत नाही. त्याच वेळी झिंग्यांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. अंडी सांभाळणारी मादी याला सगळ्यात आधी बळी पडते. सुदैवाने विदर्भातली मे महिन्याची हवा कोरडी असते. टाकीचं झाकण काढून जाळी ठेवा आणि छोटा टेबलफॅन थेट पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंश उतरतं. टाकी कूलरच्या खोलीत असेल तर आणखी बरं. बर्फ मात्र टाकू नका. त्याने पाणी भराभर उतरतं आणि पुन्हा चढतं, ते नुसत्या उष्णतेपेक्षा वाईट.

पंख्याने पाणी रोज कमी होईल. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. वरून नळाचंच पाणी भरत राहिलात तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढत जातो आणि महिन्याभरात झिंग्यांना कात टाकणं जड होतं. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करा, तीही रोज थोडी थोडी. पाणी बदलताना मात्र नळाचंच घ्या, क्लोरीन काढून, कारण कवचाला लागणारं कॅल्शियम त्यातून मिळतं. जीएच, म्हणजे पाण्याचा जडपणा, 6 ते 8 आणि टीडीएस 150 ते 250 च्या दरम्यान असला की चेरी खूश असतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी मोजा, आपल्याकडे ते बऱ्याच ठिकाणी फार जड असतं. आणि पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका. माणसाला चालणारं तांबं झिंग्यांना विष आहे. माशांच्या बऱ्याच औषधांत कॉपर असतं, तेही या टाकीत नको.

डासांचं मशीन त्या खोलीत लावता का, हे तुम्ही लिहिलं नाही. लावत असाल तर आजच बंद करा. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डास मारणारी ही रसायनं झिंग्यांना फार थोड्या प्रमाणातही मारतात, आणि त्याच पाण्यातले गप्पी मजेत फिरत असतात. त्यामुळे संशय कुणाला येत नाही. डासांची अगरबत्ती, स्प्रे, पेस्ट कंट्रोल, सगळ्यांना हेच लागू. मच्छरदाणी लावा.

पिल्लं गेली त्याचं कारण मला तरी उघड दिसतं. दोन मिलिमीटरचं पिल्लू दिसलं की गप्पी ते सोडत नाही, त्याचं पोट भरलेलं असलं तरी. गप्पी दुसरीकडे हलवा. ते जमत नसेल तर टाकीचा एक कोपरा जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीने गच्च भरा, तेवढ्यात काही वाचतील. फिल्टर साधा स्पंजचा घ्या. लटकणारा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडावर स्पंज चढवा, नाहीतर पिल्लं ओढली जातात.

मासे नसूनही पिल्लं मरतात ती बहुधा उपासमारीने. पहिले दोन-तीन आठवडे ती जिथे जन्मतात तिथल्या आसपासच चरतात, खाण्यासाठी लांब जात नाहीत. काचेवरचा, पानांवरचा, लाकडावरचा बुळबुळीत थर हेच त्यांचं अन्न, आणि नव्या टाकीत तो नसतो. त्यामुळे मागची काच घासून चकचकीत करू नका, मला तर ती हिरवी काच बघूनच आनंद होतो. देशी बदामाची झाडं आपल्याकडे रस्त्यारस्त्यावर आहेत. खाली पडलेलं वाळकं तपकिरी पान धुऊन, उकळून टाका. काही दिवसांत त्यावर थर धरतो आणि पिल्लं तिथेच जमतात. वरचं खाणं चिमूटभरही जास्त नको, उरलेलं कुजलं की अमोनिया होतो. फुटाळा किंवा अंबाझरी तलावातून वनस्पती आणू नका, त्यांच्याबरोबर चतुराची अळी येते आणि ती एकटी टाकी रिकामी करते.

एक शेवटचं. दुकानदार अमानो, म्हणजे दुसऱ्या जातीचे झिंगे, घ्या म्हणेल. शेवाळ खायला ते उत्तम, पण त्यांच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, घरच्या गोड्या पाण्यात त्या जगत नाहीत. आणि लाल-निळे चेरी एकत्र ठेवाल तर पुढच्या पिढ्या तपकिरी होत जातील.

जीएच, टीडीएस आणि दुपारी चार वाजताचं पाण्याचं तापमान मोजून कळवा. तापमान 30 च्या वर असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी पंखा लावा.