वाचकांचे प्रश्न : निवृत्तीनंतर मिशनवर निघालेले शेजारी

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ राहते. मी सध्या सहा महिन्यांसाठी तिच्याकडे आले आहे. शेजारचे पती-पत्नी साठी ओलांडलेले आहेत. ते निवृत्त शिक्षक, त्या निवृत्त परिचारिका. पुढील महिन्यात घर मुलाच्या हवाली करून दोघे दीड वर्षासाठी आफ्रिकेतील घाना देशात चर्चच्या ‘मिशन’वर निघाले आहेत. या वयात ते तिथे आठवडाभर नेमके काय करणार? दारोदार फिरून धर्मप्रसार करणार का? पगार किती मिळतो, असे मी विचारले तेव्हा दोघे नुसते हसले. निघण्यापूर्वी त्यांना एकदा जेवायला बोलवावे अशी इच्छा आहे, त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘मिशनरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अहमदनगरची अमेरिकन मराठी मिशन येते, किंवा मिरजेत रुग्णालय उभारून उमेदीची सारी वर्षे तिथेच घालवणारे डॉ. विल्यम वानलेस येतात. तुमच्या शेजाऱ्यांचे मिशन त्याहून वेगळे आहे. युटामध्ये ते राहतात आणि तुम्ही केलेले वर्णन पाहता ते बहुधा ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चचे सदस्य असावेत. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात, परंतु 2018 पासून चर्चच्या प्रमुखांनी पूर्ण नावाचाच आग्रह धरला आहे, तेव्हा त्यांच्याशी बोलताना तेच नाव वापरलेले बरे. या चर्चमध्ये तरुण मुलगे दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी मिशनवर जातात हे पुष्कळांना ठाऊक असते. मुलांच्या जबाबदारीतून मोकळे झालेले, प्रकृतीने धडधाकट असलेले ज्येष्ठ जोडपेही सहा ते तेवीस महिन्यांसाठी जाऊ शकते, हे मात्र कमी लोकांना माहीत असते.

पगाराच्या प्रश्नावर ते हसले, कारण पगार नसतोच. उलट खर्च त्यांचा त्यांनाच करावा लागतो. घरभाडे, जेवणखाण, औषधपाणी हे सारे निवृत्तिवेतनातून आणि साठवलेल्या पैशांतून भागवायचे असते. आपल्याकडे चारधामासाठी आयुष्यभर थोडी थोडी पुंजी बाजूला ठेवणारी माणसे असत, तसेच तिकडची कित्येक जोडपी विशीतिशीपासून या दीड वर्षासाठी पैसे साठवत आलेली असतात. कोणत्या प्रकारचे काम आवडेल हे त्यांना आधी कळवता येते, परंतु नेमणूक चर्चच्या अध्यक्षांच्या सहीने येते आणि ती बहुधा आनंदाने स्वीकारली जाते.

आता आठवड्याविषयी. मी काही महिने सॉल्ट लेक सिटीत राहिलो होतो. त्या काळात मिशनवरून नुकत्याच परतलेल्या एका वृद्ध जोडप्याने मला त्यांची दैनंदिनी दाखवली. धर्मचर्चेच्या नोंदी भरपूर असतील या अपेक्षेने मी ती उघडली, तर पानामागून पानावर शेगडी, पाण्याचा फिल्टर, मच्छरदाणीला पडलेले भोक, गाडीचे तेल, घरमालकाची भेट, अशाच नोंदी होत्या. त्यांच्याकडे मिशन कार्यालयाचे काम होते. एका मिशनमध्ये, म्हणजे चर्चने नेमून दिलेल्या एका विभागात, शंभराच्या आसपास तरुण मिशनरी दोघादोघांच्या जोडीने ठिकठिकाणच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या खोल्यांचे करार, भाडे, व्हिसाची कागदपत्रे आणि वाहने हे सारे कोणीतरी सांभाळावे लागते आणि ते या ज्येष्ठांच्याच वाट्याला येते.

सोमवार हा सहसा तरुणांचा तयारीचा दिवस असतो. कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी फोन यांत त्यांचा दिवस जातो, आणि तोवर कार्यालयातल्या जोडप्याला हिशेब लिहायला उसंत मिळते. पुढचे दोन-तीन दिवस फिरतीचे असतात. त्या बाईंनी मला सांगितले, की खोलीची तपासणी करायला जाताना त्या नेहमी घरी केलेला पाव बरोबर नेत. मुलांनी पाहुण्यांसाठी म्हणून फरशी चकाचक पुसलेली असे, पण फ्रिज उघडला की आत एक अंडे आणि सॉसची बाटली एवढेच दिसे. त्या काही न बोलता भांडी काढत आणि डाळ-भात कसा शिजवायचा हे त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना शिकवत. प्रथमच घर सोडलेला एखादा मुलगा कांदा चिरता चिरता आईच्या आठवणीने रडू लागे, तेव्हा ‘कांदा फार तिखट आहे’ असे म्हणून त्या त्याची लाज राखत. माझ्या मते मिशनचे मोठे काम त्या स्वयंपाकघरातच होत होते. तुमच्या शेजारीणबाई परिचारिका आहेत, त्यामुळे ताप आलेल्या मुलांचे फोन त्यांनाही येतील असे धरून चाला.

आठवड्याचा उरलेला भाग स्थानिक लोकांबरोबर जातो. या चर्चच्या स्थानिक मंडळींत पगारी धर्मगुरू नसतात. दुकानदार, शिक्षक, वाहनचालक अशी साधी माणसेच मंडळी चालवतात. नव्या, लहान शाखेत बैठकीचा वृत्तान्त कसा लिहावा, मुलांचा वर्ग कसा घ्यावा, हे दाखवायला अनुभवी माणसाची गरज असते. रविवारची सभा 2019 पासून तीन तासांऐवजी दोन तासांची झाली आहे. तीत पाव आणि पाण्याचा प्रभुभोजन विधी होतो आणि सदस्यच व्यासपीठावरून बोलतात. दारोदार फिरणे हे मुख्यतः तरुणांचे काम असते. त्यांना पहाटे साडेसहाला उठण्यापासून वेळापत्रक बांधून दिलेले असते, ज्येष्ठांना तसे बंधन नसते. तरीही हे धर्मकार्यच आहे याविषयी संभ्रम नसावा. कोणी विचारले तर ते आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने सांगतील आणि तुम्हालाही कदाचित सभेचे आमंत्रण देतील. जायचे नसल्यास सरळ ‘नको’ म्हणावे. त्यावरून कोणाला राग आल्याचे मला आठवत नाही.

सर्वच ज्येष्ठ परदेशी जातात असे नाही. सॉल्ट लेक सिटीतील या चर्चच्या फॅमिलीसर्च वाचनालयात कितीतरी ज्येष्ठ मिशनरी वंशावळी शोधणाऱ्यांना मदत करतात. या वाचनालयाच्या मूळ संस्थेची स्थापना 1894 सालची. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या वाडवडिलांची नोंद तुम्ही कधी पाहिली असेल. तशाच हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे या संस्थेच्या संग्रहात आहेत. तिथे एका आजींनी मला त्यातले एक पान पडद्यावर काढून दिले. त्यांना देवनागरीचे एक अक्षरही येत नव्हते, पण पुसट शाई उठून दिसावी म्हणून त्या प्रकाश कमीजास्त करत राहिल्या आणि मला एक नाव वाचता आले तेव्हा त्यांनी आनंदाने माझा हात धरला. जमल्यास तुम्ही तिथे अवश्य जाऊन या.

या जोडप्यांना सर्वांत जड जाते ते नातवंडांपासून दूर राहणे. दैनंदिनीच्या एका पानावर फक्त नातीच्या जन्माची तारीख आणि तिचे वजन एवढेच लिहिलेले होते, त्या दिवशी दुसरी एकही नोंद नव्हती. म्हणूनच निघण्यापूर्वीचे तुमचे आमंत्रण त्यांना फार मोलाचे वाटेल.

जेवणाचे पथ्य सोपे आहे. 1833 सालापासून चालत आलेल्या आरोग्यनियमानुसार ते चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू घेत नाहीत. मांसाहार मात्र चालतो. आपला आल्याचा चहा त्यांना देऊ नका, कारण त्यात चहाची पत्ती असते. कोकम सरबत, पन्हे किंवा मसाला दूध द्यावे. तिखटाचा अंदाज आधीच विचारून घ्या. महिन्याचा पहिला रविवार सहसा त्यांच्या उपवासाचा असतो. ते दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्या पैशांची भर गरजूंच्या निधीत घालतात. त्यामुळे तो दिवस टाळून शनिवारी दुपारी बोलवावे, आणि पुरणपोळी करणार असाल तर दोन जास्त करून मुलासाठी बांधून द्याव्यात, कारण त्यांच्या मागे घर तोच सांभाळणार आहे.