वाचकांचे प्रश्न : गव्हाच्या बिअरमध्ये आमरस

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. घरी चार लिटर गव्हाची बिअर करायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यात भारतीय दुकानातला डबाबंद आमरस ओतला. रात्रीतून फेस एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या झडपेतून) वर आला. दहा दिवसांनी चव पाहिली, तर गोडी नाहीशी झालेली आणि थोडा आंबटपणा आलेला. बिअर बिघडली का? आमरस केव्हा आणि किती घालावा, माल्टबरोबर उकळला तर चालेल का? बाटल्या फुटतील अशी घरात सगळ्यांना धास्ती आहे.

उत्तर : आपल्या वर्णनावरून बिअर बिघडलेली दिसत नाही. आमरसातली फळाची साखर आणि कारखान्यात वरून घातलेली साखर, दोन्ही यीस्ट खाऊन टाकते, त्यामुळे गोडी उरतच नाही. आंब्याची स्वतःची आम्ले आणि डब्यात बहुधा मिसळलेले सायट्रिक आम्ल मात्र तसेच राहते, आणि साखरेचा आडोसा गेल्यावर ते जिभेला जाणवू लागते. व्हिनेगरसारखा उग्र वास येत असेल किंवा पृष्ठभागावर सुरकुतलेली साय धरली असेल, तरच बिअर टाकून द्यावी.

आमरस उकळू नये. उकळल्याने आंब्याचा मूळचाच नाजूक सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि फळातले पेक्टिन मोकळे होऊन बिअर गढूळ होते. अर्थात गव्हाची बिअर प्रथिनांमुळे आणि यीस्टमुळे गढूळच असते, तेव्हा खरी हानी सुगंधाचीच. पहिल्या किण्वनाचा जोर ओसरल्यावर, म्हणजे साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी, आमरस घालावा. डबाबंद आमरस उष्णतेने निर्जंतुक केलेला असतो. डब्याचे झाकण, डबा उघडायचे साधन आणि चमचा जंतुनाशकात बुडवून घेतले म्हणजे पुरते. ताजा आंबा वापरायचा झाल्यास फोडी आधी गोठवाव्यात, कारण त्याने पेशी फुटून रस सुटतो. मात्र गोठवल्याने जंतू मरत नाहीत, हे ध्यानात असू द्यावे. विकत घेताना डब्यावरची बारीक अक्षरे जरूर वाचावीत. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट असलेला आमरस घेऊ नये, कारण ही द्रव्ये यीस्टची वाढच रोखण्यासाठी घातलेली असतात.

चार लिटरला ८५० ग्रॅमचा अर्धा डबा पुरे. आंब्याचा स्वाद ठसठशीत हवा असेल तर पूर्ण डबा घालावा, पण मग गाळात जाणारी बिअरही वाढते. फेस वर येण्याचे कारण म्हणजे भांड्यात मोकळी जागा नव्हती. चार लिटरची बिअर सात-आठ लिटरच्या बादलीत आंबवावी, आणि आमरस घातल्यानंतर पहिले दोन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचे टोक पाण्यात सोडावे, कारण आमरसाचा चोथा बारीक छिद्रात अडकला की झाकणच उडते.

आता बाटल्यांविषयी, कारण घरातली धास्ती अनाठायी नाही. समजा आपल्या आमरसात शंभर ग्रॅममागे १८ ग्रॅम साखर आहे. अर्ध्या डब्यातून चार लिटरमध्ये सुमारे ७६ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे जवळजवळ १९ ग्रॅम साखर जाते. बाटलीत फेस यावा म्हणून आपण भरताना लिटरमागे घालतो ती साखर सहा-सात ग्रॅमच असते, आणि आंबलेल्या साखरेच्या जवळपास निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आमरसाची साखर संपण्याआधी बाटल्या भरल्या, तर त्या वायूचा दाब साध्या काचेला पेलणार नाही. म्हणून बुडबुडे थांबले म्हणजे काम झाले असे समजू नये. हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचनळीचा) आकडा तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्यावा आणि तो तसूभरही हलला नाही, तरच पुढे जावे. मग बादली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून चोथा खाली बसू द्यावा, सायफनच्या टोकाला उकळून घेतलेली नायलॉनची जाळी बांधावी आणि बाटल्या भराव्यात. त्यातली एक सोड्याची प्लास्टिकची बाटली असू द्यावी. ती दाबून पाहिली की आतला दाब हाताला कळतो.

मूळ बिअरचे प्रमाणही सांगून ठेवतो : चार लिटरला गव्हाच्या माल्टची कोरडी पावडर ४५० ग्रॅम, हॅलरटाउसारखे सौम्य हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) पाच-सहा ग्रॅम, एक तास उकळ, आणि २० अंशांपर्यंत थंड झाल्यावर अकरा ग्रॅमच्या पाकिटातले निम्मे यीस्ट. यीस्ट शांत, तटस्थ जातीचे घ्यावे. बव्हेरियन गव्हाच्या बिअरचे यीस्ट केळ्याचा आणि लवंगेचा वास निर्माण करते, आणि तोच जर्मन लोकांना प्रिय आहे. आमरसाशी मात्र माझ्या मते त्याचे जमत नाही, शिकरणात आमरस कालवल्यासारखे होते.

गोडी हवीच असेल, तर ती पेल्यात आणावी. बर्लिनमध्ये आंबटसर गव्हाच्या बिअरमध्ये वाढताना रासबेरीचे सरबत घालण्याची जुनी रीत आहे. त्याच धर्तीवर थंडगार बिअर ओतण्याआधी पेल्याच्या तळाशी दोन चमचे आमरस घालावा. लॅक्टोज ही दुधातली साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही, त्यामुळे काही जण ती वापरतात. पण दूध न सोसणारे पाहुणे असतील तर त्यांना तसे आधी सांगावे.

प्रश्न : हाच प्रयोग नाशिकला घरी करता येईल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना मद्य तयार करणे गुन्हा आहे, मग ते चार लिटर असो आणि केवळ घरच्यांसाठी असो. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरी बिअर करण्यास मुभा दिली. एका प्रौढासाठी वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरासाठी २०० गॅलन अशी तिची मर्यादा आहे, आणि अशी बिअर विकता येत नाही. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्ये तर घरी बिअर करू द्यायला २०१३ मध्ये राजी झाली. नाशिककरांनी परवानाधारक मायक्रोब्रुअरीत जाऊन गव्हाची बिअर मागवावी; आमरसाचे दोन चमचे तिथेही मागता येतील.