“आता माझी कुणाला गरज आहे?”

निवृत्ती झाली, मुलं दूर गेली, जोडीदार गेला, की हे वाक्य हमखास कानावर येतं. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंचंही तेच होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बँकेतली नोकरी संपलेली, यजमान गेलेले, मुलगी कॅनडात.

आधी झोप, भूक, जगण्याची इच्छा यांची चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, झोप-भूक उडाली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर समाजसेवेचा सल्ला देऊ नये. आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा. बाईंचं तसं काही नव्हतं.

“काहीतरी समाजकार्य करीन म्हणते.”

“कुणासाठी?”

“कुणासाठीही. गरजूंसाठी.”

बहुतेकांचं इथेच फसतं. सुरुवातीलाच तीन संस्था, रोजची हजेरी, आणि महिनाभरात “तिथे कुणी विचारत नाही” म्हणून सगळं बंद. मी सांगते : एकच माणूस, एकच ठरलेलं काम, आठवड्यातून दोनदा पाऊण तास. सहा आठवडे, मनाला पटो न पटो.

बाईंना अंध विद्यार्थ्यांचे पेपर लिहायचे होते. पण विद्यार्थ्यानं स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवं, असं तेव्हा लागू असलेल्या केंद्राच्या 2018च्या सूचना सांगत होत्या. बी.कॉम. झालेल्या बाई तिथेच बाद. मग कॉमर्सच्या एका मुलासाठी अकाउंट्सचं पुस्तक रेकॉर्ड करायचं ठरलं.

पुढे एकदा आल्या त्या तणतणत. त्यानं कळवलं होतं, “काकू, ताळेबंद कळला नाही. आधी रकान्यांची नावं सांगा, मग एकेक ओळ आडवी वाचा. पान नंबरही सांगत जा.”

“मग?”

“मग काय, रात्रीच पुन्हा वाचलं. सोमवारी पेपर होता ना त्याचा!”

मी गप्प राहिले. त्या अजून ताळेबंदातच होत्या : देणी आधी वाचावीत की मालमत्ता, आकडा एकेक अंक सुटा वाचावा की ‘बारा हजार चारशे’ असा सलग. “माझी कुणाला गरज” हे वाक्य त्या दिवशी आलंच नाही.

त्या मुलानं आभार मानले असते तर हे झालं नसतं. कौतुक दोन दिवस पुरतं. आपण चुकलो तर कुणाचं तरी अडतं, हे कळलं की माणूस उठून कामाला लागतो. ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर मानसिक आरोग्याची खूण समाजाबद्दलच्या आपुलकीत शोधत. मी त्याच वाटेची. आधी मनाची उभारी आणि मग काम, असा क्रम मी लावत नाही. काम आधी देते.

पथ्यं मात्र कडक. पैसे द्यायचे नाहीत. त्याच्या घरच्या भांडणात पडायचं नाही. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. आणि काम कधी संपणार हे सुरुवातीलाच ठरवायचं, नाहीतर परीक्षा संपल्यावर पुन्हा तीच पोकळी. बाईंनी हे शेवटचं मनावर घेतलं नव्हतं. मे महिन्यात परत आल्या, या वेळी तीन विद्यार्थ्यांची नावं घेऊन. दोन खोडायला लावली.