पंधरा किलोंची सुटकेस आणि किलोभराचा सेट

प्रश्न : हॅम रेडिओची (हौशी रेडिओ संपर्काची) परीक्षा नुकतीच पास झालो. काकांकडचा संदेश पाठवण्या-ऐकण्याचा रेडिओ सेट पाहतो, तो किलोभर वजनाचा आणि 10 वॅटचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हेर सुटकेसमधून नेत तो सेट 20 वॅटचा, पण वजन पंधरा किलोंच्या घरात, असं वाचलं. एवढं वजन कशाचं? आणि तो आजच्या सेटपुढे टिकेल का?
— एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : तुम्ही म्हणता तो बी-2. ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेसाठी जॉन ब्राउन यांनी तो बेतला. त्यातलं बरंचसं ओझं वीजपुरवठ्याचं. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी; तिचं फिलामेंट तापवायला 6 व्होल्ट आणि आतल्या प्लेटला काहीशे व्होल्ट, म्हणजे लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आलाच. शिवाय तो घरच्या विजेवरही चालायला हवा आणि 6 व्होल्टच्या मोटार-बॅटरीवरही. ही चैन नव्हती. जर्मन शोधपथकं एकेका वस्तीची वीज तोडत आणि सिग्नल नेमका कधी थांबतो ते ऐकत. बॅटरीवरचा सेट त्या सापळ्यात सापडत नसे. तुमच्या सेटमधले ट्रान्झिस्टर 12-13 व्होल्टवर खूश असतात, म्हणून सगळा लोखंडी संसारच गेला.

वॅटवर मात्र फार जाऊ नका. 10 चे 20 वॅट झाले की समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर अर्धा एस-युनिट, म्हणजे मीटरचं अर्धं घर, वाढतो, बस. माझ्या गच्चीवरून शेवग्याच्या झाडापर्यंत ताणलेल्या तारेवर 5 वॅटमध्येही दुपारी पुण्याहून हैदराबादशी मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेत, गप्पा होतात. पॅरिस-लंडन अंतर त्याहून कमी आहे. रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर, आयनांबर, तेव्हाचंच आणि तारही तेव्हाचीच. शिवाय त्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती: इंग्लंडात ग्रेंडनसारख्या केंद्रांवर उंच एरियल, उत्तम रिसीव्हर आणि कान तयार झालेल्या तरुणी ठरल्या वेळी त्याच फ्रिक्वेन्सीवर वाट पाहत बसलेल्या असत.

खरा फरक फ्रिक्वेन्सीत आहे. बी-2 चा ट्रान्समीटर क्रिस्टलवर, म्हणजे एकच ठरावीक फ्रिक्वेन्सी देणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्यावर, चाले. जी फ्रिक्वेन्सी हवी तिचा क्रिस्टल खिशात हवा; तो हरवला की ती वाट बंद. आज नखाएवढी चिप सगळे बँड (फ्रिक्वेन्सींचे पट्टे) देते. हैदराबादच्या अशर फरहान यांचा यूबिटेक्स हा सेट घ्या, आपल्याकडच्या कित्येक हॅमनी तो घरी जुळवलाय. त्याचा बोर्ड उघडून पाहाच, सर्किट वाचता येतं. रिसीव्हरही बदलला. बी-2 मध्ये अरुंद फिल्टर नव्हता; गर्दीतून आपला सिग्नल वेगळा काढायचं काम ऑपरेटरच्या कानाचं होतं.

त्या कानांबद्दल मला अपार आदर आहे. टिपू सुलतानाची वंशज नूर इनायत खान जून 1943 मध्ये फ्रान्सला गेली. एसओईने तिथे पाठवलेली ती पहिली महिला रेडिओ ऑपरेटर. थोड्याच दिवसांत तिचं हेरांचं जाळं फुटलं, सहकारी पकडले जाऊ लागले. परत येण्याची सूचना नाकारून ती जागा बदलत संदेश पाठवत राहिली, ऑक्टोबरपर्यंत. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या नाझी छळछावणीत तिला गोळी घातली. अशा माणसाच्या हातात काय होतं, हे कळावं म्हणून तरी बी-2 चं सर्किट अभ्यासावं.

टिकेल का? मोर्सपुरता आजही टिकेल. बोलण्यासाठी नाही, आणि लपण्यासाठी दोन्ही सारखेच निरुपयोगी: आज कुणाच्याही वॉटरफॉल पडद्यावर (सगळ्या फ्रिक्वेन्सी एकदम दाखवणाऱ्या) कुठलाही सिग्नल क्षणात रेघ होऊन दिसतो. आपल्याला लपायचंही नाही. कॉलसाइन (आपलं ओळखचिन्ह) द्यायचा, अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा वापरायची नाही, हा हॅमचा नियम.

प्रश्न : आपल्याकडे असा गुप्त सेट होता का?
— तोच विद्यार्थी

उत्तर : सुटकेसमधला नव्हे, पण मुंबईत 1942 चा काँग्रेस रेडिओ होता. हेरांचे खासगी संदेश नव्हेत, उघड प्रसारण. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी 27 ऑगस्टपासून 42.34 मीटर तरंगलांबीवर बोलू लागले. शिकागो रेडिओ या कंपनीचे नानक मोटवानी यांनी सामग्री दिली. पकडले जाऊ नये म्हणून ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिला. 12 नोव्हेंबरला पोलीस पोहोचले; उषाबेनना चार वर्षांची सजा झाली. 42.34 मीटर म्हणजे सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ, आपल्या हॅमच्या आजच्या चाळीस मीटर बँडच्या आतच. परवाना हातात येईपर्यंत तिथे बोलू नका, पण रोज ऐका.