‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे काय लिहायचं?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

शिरोलीच्या फाउंड्रीतून परदेशी ग्राहकांना जाणाऱ्या मेलचे तुझे तिन्ही मसुदे वाचले. दर, कास्टिंगचं वजन, डिलिव्हरीची मुदत, सगळं स्वच्छ मांडलंय. शेवटच्या ओळीत मात्र तिन्हीकडे एकच चूक आहे: ‘वी लुक फॉरवर्ड टू रिसीव्ह...’. तिथं ‘रिसीव्ह’ चालत नाही, ‘रिसीव्हिंग’च हवं. नुसतं पाठ करू नकोस, घाईत ते निसटतं. कारण समजून घे.

सगळा घोळ ‘टू’मुळे होतो. ‘शिकायला कोल्हापूरला आलो’ या वाक्यात ‘ला’ दोनदा आलाय बघ. ‘शिकायला’ हे क्रियापदाचं रूप आणि ‘कोल्हापूरला’ हे नामाचं. इंग्रजी ‘टू’चंही तसंच आहे. ‘आय केम टू कोल्हापूर टू स्टडी’ यातल्या दुसऱ्या ‘टू’पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं. पहिला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, त्याला पुढे नामच लागतं. ‘लुक फॉरवर्ड’नंतर येणारा ‘टू’ या पहिल्या जातीचा. शाळेपासून ‘टू गो, टू इट, टू रीड’ घोकल्यामुळे हात आपोआप दुसऱ्या जातीकडे वळतो.

मग त्याच्यापुढे क्रियापद आणायचंच असेल तर? त्याला आयएनजी लावून त्याचं नाम करायचं. हे आपल्याला परकं नाही. ‘उत्तर येण्याची वाट पाहतो’ म्हणताना आपण ‘येतो’ला ‘ची’ जोडत नाही. आधी ‘येणे’ हे नाम, मग त्याचं सामान्यरूप ‘येण्या’, आणि मगच ‘ची’. ‘लुक फॉरवर्ड टू हिअर’ लिहिणं म्हणजे ‘येतोची वाट पाहतो’ म्हणण्यासारखं आहे.

शंका आली की ‘टू’च्या पुढे ‘युवर रिप्लाय’ ठेवून बघ. ‘वी लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय’ हे वाक्य उभं राहतं, म्हणजे क्रियापदाला आयएनजी लागणार. ‘वी होप टू युवर रिप्लाय’ कोसळतं, म्हणून तिथं ‘वी होप टू हिअर’ बरोबर. याच कसोटीवर ‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’, ‘इन अ‍ॅडिशन टू’ हेही आयएनजी मागतात. एका जोडीला मात्र जप: ‘आय यूज्ड टू वर्क’ म्हणजे पूर्वी काम करायचो, ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग’ म्हणजे काम करायची सवय आहे.

तुझ्या दुसऱ्या मसुद्यात विषयाच्या ओळीतच ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर ऑर्डर’ आलंय. हा ‘फॉर’ ‘वेट फॉर’मधून घुसतो, कारण मराठीत दोन्हीकडे आपण ‘वाट पाहणे’च म्हणतो. पण ‘वेट’मध्ये नुसतं थांबणं आहे, ‘लुक फॉरवर्ड’मध्ये आनंदानं वाट पाहणं आहे. म्हणूनच थकलेल्या बिलाच्या किंवा रिजेक्ट झालेल्या मालाच्या पत्रात हा शब्दप्रयोग मला पटत नाही. तिथं गोडवा कामाचा नसतो, तारीख कामाची असते. ‘प्लीज ट्रान्सफर द अमाउंट बाय 15 मार्च’ असं सरळ लिहावं. ‘युवर पॉझिटिव्ह रिप्लाय’ही नको. होकार गृहीत धरल्यासारखं वाटतं.

‘आय लुक फॉरवर्ड’ आणि ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड’ दोन्ही शुद्ध आहेत. पहिलं औपचारिक, दुसरं जवळिकीचं. अनोळखी खरेदीदाराला पहिल्याच मेलमध्ये पहिलं लिही. महिनाभर ये-जा झाली की दुसरं शोभतं. कंपनीच्या वतीनं लिहिताना ‘आय’ऐवजी ‘वी’, आणि सबंध मेलभर तोच.

कर्ता गाळून ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ असं लिहिलंस तर शेवटी पूर्णविराम दे, स्वल्पविराम नको. जुन्या पत्रांत तिथं स्वल्पविराम असायचा, कारण पुढे ‘आय रिमेन, युअर्स सिन्सिअरली’ अशी वाक्याची उरलेली बाजू यायची. ती बाजू गेली, स्वल्पविराम तेवढा मागे राहिला. ‘थँकिंग यू’नंतरचा स्वल्पविरामही तिथलाच. माझं मत विचारशील तर कर्त्यासकट पूर्ण वाक्य लिहावं, चार अक्षरं जास्त गेली तरी.

आता मसुद्यांकडे. पहिल्यात ‘टू रिसीव्ह’चं ‘टू रिसीव्हिंग’ कर. दुसऱ्यात तेच, शिवाय वरचा ‘फॉर’ काढून ‘टू’ घाल. तिसरा मसुदा बाकी रकमेचा आहे. त्यातली ती ओळ पूर्ण काढ आणि तिथं बिलाचा क्रमांक, रक्कम आणि मुदतीची तारीख लिही. तिन्ही सुधारून परत पाठव, मी वाचतो.

तुझा,
काका